परवानगी काढून निघालेला मोर्चा: प्राग, नोव्हेंबर १९८९

१७ नोव्हेंबर १९८९, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास प्रागमधल्या आल्बेर्टोव भागात विद्यार्थी जमले, तेव्हा त्यांच्या मोर्चाला रीतसर परवानगी होती. आयोजकांत कम्युनिस्ट राजवटीच्याच युवक संघटनेचं नाव होतं. मार्ग ठरलेला, वक्ते ठरलेले, समारोप कुठे करायचा तेही ठरलेलं. त्याच रात्री पोलिसांनी या मुलामुलींना गुरासारखं बडवलं. तिथून बेचाळिसाव्या दिवशी, २९ डिसेंबरला, चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेने वाक्लाव हावेल या नाटककाराला एकमताने राष्ट्राध्यक्ष निवडलं. वर्षाच्या सुरुवातीला हाच माणूस तुरुंगात होता आणि त्याला निवडणारी संसद बहुतांशी जुनीच, कम्युनिस्टांच्या काळातली होती.

या घटनाक्रमाला 'मखमली क्रांती' म्हणतात. मेणबत्त्या, फुलं, चाव्यांचा किणकिणाट अशी चित्रं त्याच्याशी जोडली गेली आहेत आणि ती खोटी नाहीत. पण त्या चित्रांमुळे विद्यार्थ्यांनी केलेलं खरं काम झाकलं जातं, असं माझं ठाम मत आहे. पोलिसांचा मार खाल्लेले विद्यार्थी जगभर सापडतात. बीजिंगमध्ये त्याच वर्षी जूनमध्ये याहून कितीतरी भयंकर घडलं होतं आणि तिथली राजवट टिकली. प्रागमध्ये वेगळं काय झालं, याचं उत्तर १७ तारखेच्या रात्रीत थोडंच आहे. ते १८ ते २७ नोव्हेंबर या दिवसांत जास्त आहे. म्हणून या प्रकरणात त्या दिवसांवर अधिक थांबायचं आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार

१९६८ च्या वसंतात कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे प्रमुख अलेक्झांडर दुबचेक यांनी साम्यवादाला माणुसकीचा चेहरा देण्याचा प्रयत्न केला. २१ ऑगस्टला सोव्हिएत रणगाडे आले आणि तो प्रयोग संपला. पुढच्या जानेवारीत चार्ल्स विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विद्याशाखेतल्या यान पालाख या विद्यार्थ्याने वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. मग सुरू झाला तो 'सामान्यीकरणाचा' काळ. तीन लाखांहून अधिक सभासदांना पक्षातून काढलं गेलं. प्राध्यापक, पत्रकार, इतिहासकार बॉयलर रूममध्ये कोळसा टाकू लागले, खिडक्या पुसू लागले. बापाने सरकारविरोधी निवेदनावर सही केली म्हणून मुलाला विद्यापीठात प्रवेश नाही, हे सर्रास चालायचं.

बाकीच्यांशी सरकारने एक न लिहिलेला करार केला होता. तुम्ही गप्प बसा, आम्ही तुम्हाला नोकरी, बऱ्यापैकी भरलेली दुकानं आणि शनिवार-रविवारी गावाबाहेरच्या छोट्या घरात जाऊन बागकाम करण्याची मुभा देतो. पोलंडमध्ये मांसासाठी रांगा लागायच्या, तसं इथे नव्हतं. म्हणूनच पोलंडमधल्या 'सॉलिडॅरिटी'सारखी लाखोंची कामगार संघटना इथे उभी राहिली नाही. १९७७ च्या जानेवारीत हावेल आणि त्यांच्या मित्रांनी मानवी हक्कांची मागणी करणारं 'चार्टर ७७' हे निवेदन काढलं. त्याच्यावर पुढच्या बारा वर्षांत दोन हजार सह्यासुद्धा झाल्या नाहीत. देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या पुढे होती.

१९८९ मध्ये विशीत असलेली पिढी १९६८ च्या आसपास जन्मलेली. रणगाडे त्यांनी पाहिले नव्हते. घरात त्याबद्दल दबक्या आवाजातलं बोलणं तेवढं ऐकलं होतं. या मुलांकडे आईबापांइतकी भीती नव्हती. गमवायला नोकरी, घर, पोरंबाळं नव्हती. शिवाय मॉस्कोत गोर्बाचेव्ह होते. जानेवारी १९८९ मध्ये पालाखच्या विसाव्या स्मृतिदिनाला प्रागमध्ये आठवडाभर निदर्शनं झाली आणि पोलिसांनी भर थंडीत पाण्याचे फवारे मारले. हावेलना त्याच वेळी अटक झाली. उन्हाळ्यात लोकशाही बदलांची मागणी करणाऱ्या 'काही वाक्ये' नावाच्या निवेदनावर काही महिन्यांतच चाळीस हजारांच्या घरात सह्या जमल्या. शरद ऋतूत पूर्व जर्मनीतून पळालेली हजारो माणसं प्रागमधल्या पश्चिम जर्मन दूतावासाच्या बागेत तंबू ठोकून राहिली आणि शेवटी रेल्वेने पश्चिमेला गेली. आपल्या गाड्या रस्त्यात टाकून जाणारे हे लोक प्रागकरांनी रोज पाहिले. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. आजूबाजूचं सगळं हललं होतं, फक्त चेकोस्लोव्हाकियात पक्षप्रमुख मिलोश याकेश यांचं नेतृत्व जागचं हलायला तयार नव्हतं.

परवानगीमागचं गणित

पन्नास वर्षांपूर्वी, २८ ऑक्टोबर १९३९ ला, नाझींविरुद्धच्या निदर्शनात यान ओप्लेताल हा वैद्यकीय विद्यार्थी गोळी लागून जखमी झाला आणि ११ नोव्हेंबरला वारला. त्याची अंत्ययात्राच निदर्शन झाली. त्यावर १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना गोळ्या घालून संपवलं, झेक विद्यापीठं बंद केली आणि बाराशेच्या आसपास विद्यार्थ्यांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत धाडलं. १७ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन पाळला जातो, तो यामुळे.

आता नाझींच्या बळींचं स्मरण करायला कम्युनिस्ट सरकार नाही कसं म्हणणार? फॅसिझमविरोधी लढा हाच तर त्यांच्या सत्तेचा पाया होता. हे हेरणारे विद्यार्थी दोन गटांतले होते. एक गट स्वतंत्र, कोणत्याही अधिकृत संघटनेबाहेरचा. त्यात मारेक बेंडा होता. त्याचे वडील चार्टरचे सहीकर्ते आणि चार वर्षं तुरुंग भोगलेले. शिमोन पानेक होता. त्याने आदल्या वर्षी आर्मेनियातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत गोळा केली होती. दुसरा गट समाजवादी युवक संघटनेच्या, म्हणजे सरकारी युवक संघटनेच्या प्राग विद्यापीठ शाखेतला. त्यातली काही मुलं मनाने केव्हाच बाहेर पडली होती, पण संघटनेचा शिक्का, खोली, चक्री छपाईयंत्र त्यांच्या हाताशी होतं. नाट्य अकादमीतला मार्टिन मेइस्त्रिक आणि तत्त्वज्ञान विद्याशाखेतली मोनिका पायेरोवा ही विद्यार्थ्यांची नियतकालिकं चालवत होती. बऱ्याच ओळखी त्यांतूनच झाल्या.

या दोन गटांनी एकत्र यायचं ठरवलं, हा माझ्या मते या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. तो सोपा नव्हता. स्वतंत्र गटातल्यांना वाटत होतं, सरकारी संघटनेशी हातमिळवणी म्हणजे बाटणं. ज्यांच्या घरातली माणसं तुरुंगात गेली, त्यांना असं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. संघटनेतल्या मुलांना भीती होती की स्वतंत्र गटाचं नाव दिसलं तर परवानगी जाईल. पण बिनपरवानगीच्या निदर्शनाला तेव्हा काही हजार धाडसी माणसं यायची आणि त्यांतली बरीचशी ओळखीची असायची. परवानगीच्या मोर्चाला आईबापांनी ज्यांना कधी पाठवलं नसतं, ती मुलंही येणार होती. आणि आली. आल्बेर्टोवला पंधरा हजारांच्या आसपास जमाव होता.

सरकारनेही आपलं गणित मांडलं होतं. मूळ मार्ग शहराच्या मध्यभागी जाणारा होता, तो त्यांनी बदलून घेतला. मोर्चा टेकडीवरच्या विशेहरादच्या दफनभूमीकडे न्यायचा, कवी कारेल हिनेक माखाच्या थडग्यापाशी मेणबत्त्या लावायच्या, राष्ट्रगीत म्हणायचं आणि घरी जायचं. आपलीच संघटना सोबत आहे, म्हणजे लगाम आपल्या हातात आहे, असा त्यांचा समज होता.

नारोद्नी रस्त्यावरची रात्र

आल्बेर्टोवच्या सभेत १९३९ च्या ओप्लेतालच्या अंत्ययात्रेत चाललेले योसेफ शार्का बोलले. वयस्कर माणूस. त्यांनी विद्यार्थ्यांना केवळ आठवणीत न रमता आजच्या स्वातंत्र्यासाठी उभं राहायला सांगितलं, आणि सभेचा सूरच बदलला. घोषणा १९३९ वरून १९८९ वर आल्या. 'आम्ही नाही तर कोण? आत्ता नाही तर केव्हा?' हे फलकावर होतं.

विशेहरादला कार्यक्रम अधिकृतपणे संपला. परवानगीही तिथेच संपली. पण लोक घरी गेले नाहीत. टेकडी उतरून नदीकाठाने मोर्चा शहराकडे निघाला. ट्राममधून, घरांतून, कामावरून सुटलेली माणसं त्यात मिसळत गेली. राष्ट्रीय नाट्यगृहापाशी तो उजवीकडे नारोद्नी रस्त्यावर वळला तेव्हा तो आल्बेर्टोवच्या कितीतरी पट मोठा झाला होता. वेन्सेस्लास चौक काही मिनिटांवर होता. आठच्या सुमारास पांढऱ्या हेल्मेटवाल्या पोलिसांच्या भिंतीने वाट अडवली.

पुढे जे झालं ते क्रमाने बघायला हवं, कारण यात विद्यार्थ्यांची शिस्त दिसते. पुढच्या रांगा जमिनीवर बसल्या. मेणबत्त्या लावून रस्त्यावर ठेवल्या. मुलींनी पोलिसांच्या ढालींमध्ये फुलं खोचली. 'आमचे हात रिकामे आहेत' ही घोषणा सुरू झाली आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर केले, रिकामे तळवे दाखवत. एकही दगड गेला नाही. नोव्हेंबरच्या थंडीत दगडी रस्त्यावर बसून ही मुलं गाणी म्हणत राहिली. तेवढ्यात मागूनही पोलीस आले आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला. ध्वनिवर्धकावरून 'पांगा' असं सांगितलं जात होतं, पण पांगायला वाटच ठेवली नव्हती. मग दोन्ही भिंती आत सरकू लागल्या. गर्दी इतकी आवळली गेली की श्वास घेणं अवघड झालं. बाहेर पडायला एकच फट ठेवली होती, मिकुलांद्स्का गल्लीच्या तोंडाशी असलेली एका घराची कमान. तिथे दोन्ही बाजूंना लाठ्या घेऊन पोलीस उभे. त्या बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाने मार खात जायचं. लाल टोप्यांचं एक खास पथकही होतं. त्यांचा मार सर्वांत क्रूर. नंतरच्या चौकशी आयोगाने जखमींचा आकडा ५६८ दिला.

आज त्या कमानीखाली भिंतीवर कांस्याचे उंचावलेले हात आहेत आणि खाली तारीख.

त्याच बोळात त्या रात्री एक अफवा जन्मली. गणित-भौतिकी विद्याशाखेचा एक विद्यार्थी मारहाणीत मेला. ही बातमी चार्टरचे कार्यकर्ते पेत्र ऊल यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांनी ती खरी मानून पुढे दिली आणि परदेशातून प्रसारण करणाऱ्या 'रेडिओ फ्री युरोप'वरून ती देशभर गेली. ऊल यांना लगोलग अटक झाली. तो विद्यार्थी जिवंत होता. सरकारने त्याला दूरचित्रवाणीवर आणून दाखवलं. पण सरकारी वृत्तवाहिनीवर खरं काही दाखवलं जाईल यावर तोपर्यंत कोणाचाच विश्वास राहिला नव्हता. वीस वर्षं खोटं बोलल्यावर एके दिवशी खरं बोललं तर कोण ऐकणार?

या अफवेवरून पुढे मोठं प्रकरण उभं राहिलं. गुप्त पोलिसांचा एक लेफ्टनंट खोट्या नावाने विद्यार्थी बनून मोर्चात वावरत होता आणि मारहाणीच्या वेळी जमिनीवर पडून राहिला होता, हे उघड झालं. त्यावरून सगळी क्रांतीच गुप्त पोलिसांनी घडवून आणली, अशा कहाण्या रचल्या गेल्या. संसदीय आयोगांनी खूप खोदकाम केलं, तरी असा कट सिद्ध झाला नाही. मला या कहाण्यांचा राग येतो, आणि तो सांगायला संकोच वाटत नाही. ज्या मुलांनी पुढचे दहा दिवस झोप न घेता देश पालथा घातला, त्यांचं श्रेय एका पडून राहिलेल्या हेराला द्यायचं, हा अन्याय आहे. शिवाय तारखा सरळ आहेत. संपाचा निर्णय शनिवारी दिवसाच झाला होता, रेडिओवरून मृत्यूची बातमी देशभर जाण्याआधी.

शनिवार: एक तारीख ठरते

१८ नोव्हेंबरला नाट्य अकादमीचे विद्यार्थी जमले. डोक्याला पट्ट्या बांधलेले, रात्रभर जागलेले. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. सोमवारपासून आठवडाभर विद्यापीठांमध्ये संप. आणि सोमवार २७ नोव्हेंबरला दुपारी १२ ते २ देशभर सार्वत्रिक संप.

तो दिवसभराचा बंद नव्हता, फक्त दोन तासांचा होता, तोही जेवणाच्या सुट्टीला चिकटून आणि नऊ दिवसांनी. हे आकडे मला अजूनही थक्क करतात. विशी-बाविशीतली मुलं सूडाने पेटून 'उद्यापासून देश बंद' म्हणाली असती तर सोमवारी सकाळीच ती एकटी पडली असती. कामगाराला दोन तास काम थांबवणं परवडतं. नंतर तेवढं भरून काढता येतं. कोणी त्याला देशाचं नुकसान केलं म्हणू शकत नाही. इस्पितळं, वीजकेंद्रं काम चालू ठेवून फक्त दंडावर फीत बांधू शकतात. नऊ दिवस म्हणजे प्रत्येक कारखान्यात जाऊन बोलायला वेळ. आणि पक्षाला मात्र नऊ दिवस त्या तारखेकडे बघत बसावं लागणार. संपाची मागणी पुढे, दुसऱ्या दिवशी स्थापन झालेल्या नागरिकांच्या मंचाने नेमकी केली: हा संप म्हणजे पक्षाच्या 'नेतृत्वाच्या भूमिके'वरचं जनमत. राज्यघटनेच्या चौथ्या कलमात पक्षाला दिलेला तो हक्कच पणाला लावला गेला.

त्याच दुपारी रिअॅलिस्टिक थिएटरमध्ये रंगकर्मी जमले. विद्यार्थ्यांनी त्यांना निवेदन वाचून दाखवलं. रंगकर्मींनी ठरवलं, प्रयोग बंद, पण नाट्यगृहं उघडी. संध्याकाळी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर पडदा उघडला तेव्हा नट नेहमीच्या कपड्यांत उभे होते. त्यांनी निवेदन वाचलं आणि प्रेक्षकांशी चर्चा सुरू केली. नाटकाशिवाय जगू न शकणाऱ्या मराठी माणसाला याचा अर्थ सांगायला नको. वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी सगळं पक्षाच्या ताब्यात असलेल्या देशात अचानक रोज संध्याकाळी भरणाऱ्या सभागृहांचं जाळं मिळालं. तेही अशा माणसांचं, ज्यांचे चेहरे आणि आवाज घराघरात ओळखीचे होते.

१९ तारखेला दुसऱ्या एका नाट्यगृहात हावेल यांच्या पुढाकाराने नागरिकांचा मंच स्थापन झाला. ब्रातिस्लाव्हात त्याच दिवशी 'हिंसाचाराविरुद्ध जनता' हे व्यासपीठ उभं राहिलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी तर १६ नोव्हेंबरलाच, प्रागच्या एक दिवस आधी, हातात हात धरून शहरातून साखळी काढली होती. प्रागच्या गडबडीत हे स्लोव्हाक विद्यार्थी कायम विसरले जातात.

कारखान्याच्या फाटकापाशी

सोमवारपासून वेन्सेस्लास चौक रोज भरू लागला, आधी लाखाच्या पुढे, मग त्याहून जास्त. मंगळवारी समाजवादी पक्षाच्या प्रकाशनगृहाने, मेलांत्रिखने, चौकाकडे तोंड असलेला आपला सज्जा वक्त्यांना दिला. पण विद्यार्थ्यांच्या संपसमितीला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कळली होती. चौकातली गर्दी प्रागची आहे. सरकार पडणार की नाही हे प्राग ठरवणार नाही. ते ओस्त्रावाच्या खाणीत, पिल्झेनच्या कारखान्यात, खेड्यापाड्यांत ठरणार. राजवट कामगारांच्या नावाने चालत होती. पक्षाच्या भाषणात 'भरकटलेले विद्यार्थी' आणि 'प्रामाणिक कामगार' अशी जोडी कायम असायची. ती जोडी तोडायची होती.

आधीच्या शनिवार-रविवारी वसतिगृहातली बरीच मुलं गावी गेली होती आणि नारोद्नीची बातमी सोबत नेली होती. आता संपसमित्यांनी जथे पाठवायला सुरुवात केली. एका गाडीत दोन-तीन विद्यार्थी, शक्य असेल तर सोबत एक ओळखीचा नट. टंकयंत्रावर कार्बन घालून काढलेली पत्रकं, विद्यापीठातल्या संगणकांच्या प्रिंटरवर रात्री छापलेले कागद आणि मारहाणीच्या चित्रणाच्या व्हिडिओ कॅसेट. ज्या गावात कोणी कॅसेट दाखवायला तयार असेल तिथे दुकानाच्या काचेत टीव्ही लावून ती दाखवायची. भिंतींवर लावलेली पत्रकं रात्री फाडली जायची, सकाळी पुन्हा लागायची. अनेक ठिकाणी फाटकावरच अडवलं गेलं. काही ठिकाणी कारखान्यातल्या सशस्त्र कामगार पथकांना, म्हणजे पक्षाच्या मिलिशियाला, उभं केलं होतं. मुलं फाटकाबाहेर थांबली आणि पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्यांशी बोलली.

विद्यार्थी बोलले काय, याला महत्त्व आहे. हावेल, चार्टर, मानवी हक्क हे शब्द दूरच्या कामगाराला पक्षाच्या प्रचारामुळे संशयास्पद होते. पण 'आम्ही बसलो होतो, हात वर केले होते आणि आम्हाला मारलं, तुमची मुलंही तिथे असू शकली असती' हे कोणालाही कळतं. मारहाणीचा निषेध हा सगळ्यांना पटणारा किमान मुद्दा होता, आणि तो विद्यार्थ्यांनी हातातून सोडला नाही. राजकीय मागण्या त्याच्या मागून आल्या.

२३ नोव्हेंबरला कम्युनिस्ट पक्षाच्या प्राग शाखेचे प्रमुख मिरोस्लाव श्टेपान चेकेडे या अवजड यंत्रं, इंजिनं आणि ट्राम बनवणाऱ्या कारखानासमूहाच्या लोकोमोटिव्ह विभागात कामगारांसमोर भाषण करायला गेले. हा पक्षाचा बालेकिल्ला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की राष्ट्राध्यक्ष कधी जाणार हे पंधरा वर्षांच्या पोरांनी ठरवायचं काय, कुठल्याही देशात असं चालत नाही. समोरचा जमाव ओरडला, 'आम्ही पोरं नाही!' आणि ओरडत राहिला. श्टेपान यांना बोलता येईना. त्या दिवशी चेकेडेचे हजारो कामगार रांगा करून वेन्सेस्लास चौकात आले. माझ्या दृष्टीने राजवट संपली ती तेव्हा. उरलं होतं ते कागदावरचं. त्या हॉलमधल्या माणसांनी स्वतःला 'प्रामाणिक कामगार' या जागेवरून उचलून त्या 'पोरां'च्या बाजूला नेऊन बसवलं, आणि हे कोणाच्या आदेशावरून झालं नव्हतं.

पक्षाने आधी बाहेरगावाहून मिलिशिया प्रागमध्ये बोलावली होती आणि परत पाठवली होती. संरक्षणमंत्र्यांनी सैन्याची धमकी दिली, पण मॉस्को यावेळी रणगाडे पाठवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि स्वतःच्या कामगारांवर स्वतःच्या सैन्याने गोळ्या झाडाव्यात अशी ताकद पक्षात उरली नव्हती. २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी याकेश आणि त्यांचं सगळं पक्षनेतृत्व पायउतार झालं. त्या दिवशी मेलांत्रिखच्या सज्ज्यावर हावेल यांच्या शेजारी दुबचेक उभे होते, एकवीस वर्षांनी. २५ आणि २६ तारखेला लेतनाच्या मैदानावर पाच लाखांच्या वर माणसं जमली. थंडी कडाक्याची होती. २६ ला दोन पोलीस व्यासपीठावर आले आणि त्यांनी नारोद्नी रस्त्यावरच्या मारहाणीबद्दल माफी मागितली. पाद्री वाक्लाव माली यांनी गर्दीला विचारलं, माफ करायचं का, आणि मैदानातून उत्तर आलं, 'माफ!'

२७ नोव्हेंबरला दुपारी बाराला देश थांबला. शाळा, कारखाने, कार्यालयं, दुकानं. दोनला पुन्हा कामाला लागला. दोनच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, संसदेने घटनेतलं चौथं कलम काढून टाकलं.

टेबलाबाहेरचे विद्यार्थी

इथून पुढची गोष्ट वाटाघाटींची आहे आणि ती विद्यार्थ्यांची कमी, हावेल आणि मंचाची जास्त. पंतप्रधान अदामेत्स यांनी ३ डिसेंबरला पंधरा कम्युनिस्ट आणि पाच बिगर-कम्युनिस्ट असं मंत्रिमंडळ जाहीर केलं, तेव्हा लोक संतापले. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोत वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीच्या, देशांनी १९६८ ची चढाई चुकीची होती हे मान्य केलं. १० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष हुसाक यांनी खरोखर संमिश्र असलेल्या नव्या सरकारला शपथ दिली आणि स्वतः पद सोडलं.

विद्यार्थी मंचात विलीन झाले नाहीत. त्यांची संप-समन्वय समिती स्वतंत्र राहिली, आणि ही त्यांची दुसरी मोठी शहाणपणाची गोष्ट म्हणेन. सार्वत्रिक संप यशस्वी झाल्यावर कामगार कामावर गेले, प्रेक्षक नाटकांना परतले, पण विद्यापीठांतला संप डिसेंबर संपेपर्यंत चालू राहिला. मोठी माणसं टेबलावर तडजोड करताना बाहेर कोणीतरी घड्याळाकडे बघत बसलेलं असणं आवश्यक होतं. त्याची किंमत होती. थकवा, अभ्यास बुडणं, आपसातले वाद, आणि आपल्या हातून सुरू झालेली गोष्ट आपल्याला न विचारता पुढे जात असल्याची बोच. हावेल राष्ट्राध्यक्ष व्हावेत की दुबचेक, यावरून प्राग आणि ब्रातिस्लाव्हा यांच्यात ओढाताण होती; शेवटी दुबचेक संसदेचे सभापती झाले.

जून १९९० मध्ये खुल्या निवडणुका झाल्या आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं. मारेक बेंडा त्या वेळी विशीतच खासदार झाला आणि पुढे कित्येक दशकं खासदार राहिला. शिमोन पानेकने मदतकार्याची वाट धरली. त्याने उभी केलेली 'गरजू माणूस' ही संस्था आज युद्ध आणि भूकंपाच्या ठिकाणी काम करणाऱ्या युरोपातल्या मोठ्या संस्थांपैकी आहे. मोनिका पायेरोवा राजनयात गेली. मार्टिन मेइस्त्रिक पुढे सिनेटर झाला. नारोद्नीवर मारणाऱ्यांच्या शिक्षा फारच तोकड्या निघाल्या. पक्षाच्या वरच्या नेतृत्वातलं तुरुंगात गेलेलं एक ठळक नाव श्टेपान यांचं, आणि तेही १७ नोव्हेंबरसाठी नव्हे, आधीच्या निदर्शनांवर केलेल्या बळाच्या वापरासाठी. यावर झेक समाजात अजून असमाधान आहे आणि ते रास्त आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी तुलनेने लहान होत्या आणि त्या बऱ्याचशा मिळाल्या. मार्क्सवाद-लेनिनवादाचे सक्तीचे विभाग बंद झाले. विद्यापीठांतलं लष्करी प्रशिक्षण गेलं. मे १९९० मध्ये नवा उच्चशिक्षण कायदा आला. त्याने विद्यापीठांचा कारभार निवडून आलेल्या सिनेटकडे दिला आणि त्या सिनेटमध्ये विद्यार्थ्यांना जागा दिल्या. चार्ल्स विद्यापीठाने त्याच वर्षी कुलगुरू म्हणून राडिम पालौश यांना निवडलं. चार्टर ७७ चे प्रवक्ते राहिलेले हे तत्त्वज्ञ अध्यापनातून बाहेर पडल्यावर भट्टीत कोळसा टाकण्याचं काम करत होते.